फेटाळलेल्यांची यादी

2019 च्या फेब्रुवारीत आठवडाभर वनहक्क हा राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला होता. सर्वोच्च न्यायालयाचा 13 फेब्रुवारीचा आदेश बाहेर आला होता. ज्यांचे वनहक्काचे दावे फेटाळले गेले आहेत त्यांना जमिनीवरून का हटवलं नाही, हे राज्यांनी सांगावं. जिथे निर्णय अंतिम झाला आहे तिथे पुढच्या तारखेच्या, म्हणजे 24 जुलैच्या आत हटवावं, असा त्याचा आशय होता. राज्यांनी प्रतिज्ञापत्रांत दिलेल्या आकड्यांची बेरीज 11 लाखांच्या वर जात होती. जंगल वाचवायचं की माणसं, यावर अग्रलेख आले, चर्चा झडल्या. एका बाजूला वाघांची काळजी करणारे, दुसऱ्या बाजूला आदिवासींची. दोघांच्याही तोंडी आकडा तोच.

मी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या शिवेवरच्या डोंगरी तालुक्यांत काम करते. वनहक्क कायद्याचे नियम 1 जानेवारी 2008 ला लागू झाले तेव्हापासून दावे लिहिणं, ग्रामसभेला बसणं, मोजणीला जाणं, अपिलं करणं हेच माझं काम. त्या आठवड्यात आमची निम्मीअधिक माणसं गावात नव्हतीच. दिवाळी झाली की कातकरी आणि वारली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बातमी त्यांना भट्टीवर, कुणाच्या तरी मोबाइलवर कळली. एका बाईनं तिथूनच मला फोन केला. आमच्याकडे सगळ्यांना ‘तू’च म्हणायची रीत आहे, प्रांतसाहेब समोर आले तरी. ती म्हणाली, “ताई, तू कागद बघते ना? माझा नाव हाय का त्यात?”

मी तिला उत्तर देऊ शकले नाही. तिचा दावा नवरा जिवंत असताना केलेला. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन गेली, जमीन ती आणि तिचा दीर मिळून कसत होते. दाव्याचं काय झालं, हे तिला कुणी कधीच कळवलेलं नव्हतं. तालुक्याला विचारलं की “वर पाठवलाय” एवढंच उत्तर मिळायचं. तिच्या समजुतीनं दावा चालू होता. दिल्लीतल्या त्या 11 लाखांत ती होती की नव्हती, हे तिला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं आणि ज्यांनी तो आकडा न्यायालयात दिला त्यांनाही माहीत नव्हतं, कारण आकड्याला नावं जोडलेली नव्हती. ज्या बाईला जमिनीवरून उठवण्याबद्दल देश बोलत होता तिला आपण त्या यादीत आहोत की नाही, हे कळायचा मार्गच नव्हता. मानवी हक्कांच्या प्रश्नांवरची राष्ट्रीय चर्चा कशी चालते, हे मला तेव्हा जितकं स्वच्छ दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

हा आकडा कुठे तयार होतो ते मी जवळून पाहिलं आहे.

वनहक्क कायदा 2006 च्या डिसेंबरात संसदेनं केला. त्याच्या प्रास्ताविकेतच मान्य केलं आहे, की वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. इंग्रजांनी आणि पुढे आपल्या सरकारांनी जंगलं राखीव केली, तेव्हा आत राहणाऱ्यांचे हक्क नोंदवायचे राहून गेले, आणि आपल्याच जमिनीवर ती माणसं अतिक्रमणदार ठरली. 3 मे 2002 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून वनजमिनींवरची अतिक्रमणं 30 सप्टेंबरपर्यंत काढायला सांगितली होती. त्यानंतर देशात अनेक ठिकाणी जी हटवाहटवी झाली आणि तिच्याविरुद्ध जी आंदोलनं उभी राहिली, त्यातून हा कायदा आला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला 4 हेक्टरपर्यंतचा हक्क मिळू शकतो. बिगर-आदिवासींसाठी तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. जमीन विकता येत नाही, वारसाला जाते, आणि नवरा-बायको दोघांच्या नावे होते. सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की दावा कुणाचा खरा, हे ठरवायची सुरुवात ग्रामसभेपासून होते. ग्रामसभेची वनहक्क समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग कागद प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या उपविभागीय समितीकडे आणि तिथून कलेक्टरांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातात.

अशी एक पडताळणी मला नेहमी आठवते. पावसाळा नुकताच सरला होता, नाचणी कापायला आली होती. वनरक्षक, तलाठी, वनहक्क समितीची माणसं, पाड्यातली दोन म्हातारी माणसं आणि मी डोंगराच्या उतारावर चढलो. तलाठ्याच्या हातात जीपीएसचं यंत्र, माझ्याकडे दाव्याचा फॉर्म. वनरक्षकानं म्हाताऱ्याला विचारलं, “किती वर्षं कसतोस?” त्याला वर्षं सांगता येईनात. तो चालायला लागला. आधी एक बांध दाखवला, दगडावर दगड रचलेला, मधे शेवाळानं काळा पडलेला. त्यावरच्या आंब्याचं खोड दोन माणसांच्या कवेत मावेना. तो आंबा त्याच्या बापानं लावला होता, आणि त्या आंब्यावरून भाऊबंदकीत झालेलं भांडण पाड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मग खाली खाचराच्या कडेला वाघदेव दाखवला, शेंदूर फासलेलं लाकूड. वाघबारशीला तिथे नारळ कोण फोडतं, कुणाच्या घराचा मान, हे त्यानं सांगितलं. शेवटी चार दगड रचलेली जागा दाखवली. तिथे त्याची आजी पुरली होती. बरोबरच्या म्हातारीनं मधेच त्याला दुरुस्त केलं, की आजी नाही, थोरली चुलती, आजी पलीकडच्या बाजूला. यंत्रानं सीमेचे बिंदू घेतले. ते यंत्राचं काम. तो चाललेला रस्ता मात्र जबाबात उतरवायला लागला आणि मी तो लिहून काढला, खाली दोघांचे अंगठे घेतले.

हा सगळा कायदेशीर पुरावा आहे. नियम 13 मध्ये विहिरी, दफनभूमी, देवस्थानं, बांधबंदिस्ती, वंशावळ, दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचा जबाब, यातलं सगळं मोजलं आहे. 2012 च्या दुरुस्तीनं आणखी स्पष्ट केलं, की अमुकच कागद आणा असा हट्ट समित्यांनी धरायचा नाही. दंडाच्या पावत्या किंवा गुन्ह्यांच्या नोंदी नाहीत एवढ्यावरून दावा फेटाळायचा नाही. उपग्रहाची छायाचित्रं पुराव्याला पूरक, त्याची जागा घेणारी नाहीत.

पावत्यांबद्दल थोडं सांगायला हवं. साठ-सत्तरच्या दशकात, त्याच्याही आधी, गार्ड जमिनीवर आला की दंड करायचा आणि कधी पावती द्यायचा, कधी नाही. नाही दिली त्या वेळी त्यानं काय घेतलं, कोंबडी घेतली की तांदूळ, ते घराघरांत सांगितलं जातं. ज्यांनी पावत्या जपल्या त्यांनी त्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीच्या आत पुन्हा कापडात ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. शाई उडालेली, घडीवर कागद फाटलेला. आपल्याला गुन्हेगार ठरवणारा कागद एवढा सांभाळून का ठेवला, असं मी एकाला विचारलं. “सरकारना लिव्हलाय ना आम्ही इथं व्हतो,” तो म्हणाला. कागदाला कधी ना कधी किंमत येणार, हे त्याला कायदा व्हायच्या कितीतरी आधीपासून कळत होतं. पण ज्याच्या घराला वणव्यात आग लागली, ज्याच्या पेटीला वाळवी लागली, ज्याला पावती मिळालीच नाही, त्याचा हक्क कमी होत नाही. कायदा तेच म्हणतो.

कचेरीत मात्र पावती असलेला आणि नसलेला अशी सरळ विभागणी होत गेली. पहिली काही वर्षं तर ग्रामसभाच चुकीच्या पातळीवर घेतल्या गेल्या. पाड्याची ग्रामसभा घ्यायची ती सात-आठ पाड्यांच्या गट ग्रामपंचायतीची घेतली. लांबच्या पाड्यातली माणसं तिथे पोचली नाहीत आणि पोचली त्यांना बोलायला मिळालं नाही. मोजणीच्या नोटिसा जानेवारी-फेब्रुवारीत लागल्या, माणसं भट्टीवर असताना. पंचनाम्यावर शेरा पडला, ‘दावेदार गैरहजर’. ज्या जमिनीवर यंत्र फिरलं तिथेही उताराचा वरकस भाग बऱ्याचदा वगळला गेला, कारण तो त्या वर्षी पडीक होता. नाचणी-वरईची जमीन दोन-तीन वर्षं पिकवून विसावा देतात, हे शेती करणारा कुणीही सांगेल. दोन एकर कसणाऱ्याला वीस गुंठ्यांचं प्रमाणपत्र मिळालं. हा दावा अहवालात ‘मंजूर’ या रकान्यात जातो.

भट्टीवरून फोन करणाऱ्या त्या बाईची फाइल आम्ही माहितीच्या अधिकारात पाहायला मागितली. बऱ्याच फेऱ्यांनंतर ती मिळाली. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा, त्यात गावातले सगळे दावे. तिच्या फाइलमध्ये फॉर्म होता, जातीचा दाखला होता, ग्रामसभेचा मंजुरीचा ठराव होता, दोन म्हाताऱ्यांचे जबाब होते, पंचनामा होता, हाताने काढलेला नकाशा होता. सगळ्यावर शेवटी एक छापील कागद लावलेला. मजकूर आधीच टाइप केलेला, मोकळ्या जागेत फक्त तिच्या नवऱ्याचं नाव पेनानं भरलेलं. ‘पुरावे अपुरे असल्याने दावा अपात्र’. कुठला पुरावा अपुरा, जबाब का मानला नाही, यावर एक ओळ नाही. खाली सह्या. तारीख होती. जावक क्रमांक नव्हता. कचेरीतून कागद बाहेर गेला की त्याला जावक क्रमांक पडतो. तो नव्हता, म्हणजे हा कागद गठ्ठ्यातून कधी बाहेर पडलाच नव्हता. मी पुढची फाइल काढली, मग तिच्या पुढची. तोच मजकूर, तेच अक्षर, फक्त नाव वेगळं. अख्ख्या पाड्याचे दावे एका दुपारी, एकाच कारणानं संपवलेले होते.

फेटाळायचंच असेल तर नियम काय सांगतात? ठराव अपुरा वाटला तर परत ग्रामसभेकडे पाठवा. दावेदाराला म्हणणं मांडायची संधी द्या. निर्णयाची कारणं सविस्तर लिहा. त्याला लेखी कळवा. कळवल्यापासून 60 दिवसांत त्याला वर दाद मागता येते. ज्याला कळवलंच नाही त्याचे 60 दिवस सुरू कसे होणार? आणि 60 दिवस सुरूच झाले नसतील तर तो निर्णय अंतिम कसा? कायद्याचं कलम 4(5) म्हणतं, की हक्कांची पडताळणी आणि मान्यतेची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कुणालाही जमिनीवरून हटवता येणार नाही. त्या गठ्ठ्यातल्या एकाही दाव्याची प्रक्रिया पूर्ण झालेली नव्हती. पण महिन्याच्या अहवालात प्राप्त, मंजूर, नामंजूर असे रकाने असतात, आणि ते सगळे दावे ‘नामंजूर’मध्ये धरलेले होते. तालुक्याचा अहवाल जिल्ह्याला गेला, जिल्ह्याचा मंत्रालयाला, मंत्रालयाचा दिल्लीला. राज्याच्या प्रतिज्ञापत्रातून तोच आकडा न्यायालयात गेला आणि तिथे त्याचा अर्थ झाला: एवढी माणसं बेकायदा बसली आहेत.

मला धोरणांच्या चर्चेबद्दल जे वाटतं ते इथून येतं. आपल्याकडे हक्कांवरचे मोठे वाद तत्त्वाच्या पातळीवर होतात. पर्यावरण विरुद्ध उपजीविका, विकास विरुद्ध विस्थापन, देश विरुद्ध गाव. दोन्ही बाजूंना हुशार माणसं असतात आणि त्यांचं म्हणणं मनापासूनचं असतं. पण ज्या आकड्यावर उभं राहून ती बोलतात त्याच्या खाली काय आहे, हे क्वचितच कुणी उचलून पाहतं. तिथे एका माणसाला त्याचं म्हणणं मांडू दिलं की नाही, त्याला कारण सांगितलं की नाही, एवढा साधा प्रश्न असतो. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस प्रकरणात, 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं होतं, की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो आणि तो काढून घ्यायचा तर पद्धत न्याय्य हवी, समोरच्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. तो निकाल लागून तीन दशकांवर काळ गेला आणि डोंगरातल्या बाईला छापील कागदावर नाव भरून बाद केलं गेलं.

28 फेब्रुवारी 2019 ला न्यायालयानं हटवण्याच्या आपल्याच आदेशाला स्थगिती दिली. केंद्र सरकार त्यासाठी पुढे आलं होतं. आदिवासी संघटनांचा दबाव मोठा होता आणि निवडणुकाही जवळ आल्या होत्या. स्थगिती देताना न्यायालयानं राज्यांना जे विचारलं ते मला सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. दावे कुणी फेटाळले, दावेदारांना पुरावा द्यायची संधी दिली होती का, आणि निर्णय कारणांसह दिले का? हेच प्रश्न आम्ही कित्येक वर्षं प्रांत कचेरीच्या बाकावर बसून विचारत होतो. पण तोवर देशाचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. 14 फेब्रुवारीला पुलवामा झालं होतं, 26 ला बालाकोट. हटवण्याच्या आदेशावर जितकी चर्चा झाली तिच्या पासंगालाही या प्रश्नांवरची चर्चा पुरली नाही. अनेक राज्यांनी नंतर कबूल केलं, की प्रक्रिया नीट झालेली नाही आणि फेटाळलेले दावे पुन्हा तपासावे लागतील. या कबुलीचे मथळे झाले नाहीत.

हा खटला घेऊन न्यायालयात गेलेल्या वन्यजीव संस्थांबद्दल मला राग नाही. जंगल तुटतं, हे खरं आहे. 2005 नंतर नवी तोड करून दावा टाकणारेही मी पाहिले आहेत. एका पाड्यात माझ्या समोर ग्रामसभेनं असा दावा बाद केला. दावेदार गावातलाच, चांगला वजनदार माणूस. त्याच्या जमिनीवर सागाची ताजी बुडखी होती. वनहक्क समितीतल्या एका बाईनं त्याला विचारलं, ही झाडं कुणी तोडली, आम्ही काय आंधळे आहोत का? सगळ्या सभेनं त्याला नाही म्हटलं, कारण सांगितलं आणि इतिवृत्तात लिहिलं. तो चिडून निघून गेला. पण का बाद झालं ते त्याला कळलं आणि वर दाद मागायचीही वाट मोकळी होती. खोटा दावा बाद व्हायलाच हवा. तो असा बाद होतो.

आणि हक्क मिळाला की जंगल राखलं जातं, याचं उदाहरण म्हणजे गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथल्या लोकांबरोबर जे उभं केलं त्याला 2009 मध्ये सामूहिक वनहक्काचं रूप आलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जंगल आपलं आहे असा कागद हातात असलेलं गाव वणवा विझवायला स्वतः धावतं. आमच्याकडेही सामूहिक हक्क मिळालेल्या पाड्यांत हे दिसतं. ज्याला उद्या इथून उठवणार अशी धास्ती आहे तो झाड लावत नाही, बांध घालत नाही. राष्ट्रीय चर्चेत जंगल आणि माणूस यांना समोरासमोर उभं करतात तेव्हा मला या गावांचं नाव घ्यावंसं वाटतं, पण ती चर्चा मराठीतही होत नाही, वारलीत तर दूरच.

याचंच दुसरं उदाहरण. 2020 मध्ये केंद्रानं प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला आणि लोकांच्या हरकती मागवल्या. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत. टाळेबंदीचे दिवस. दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की हा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत उपलब्ध करा आणि मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवा. ज्यांच्या नदीवर धरण, ज्यांच्या रानातून महामार्ग, त्यांना हरकत घ्यायची तर आधी वाचता तरी यायला हवं. वारली, कातकरी, गोंडी या भाषा त्या अनुसूचीत नाहीतच. 2022 मध्ये वनसंवर्धन कायद्याचे नवे नियम आले. वनजमीन प्रकल्पाला देताना आधी वनहक्क मान्य झाले आहेत का आणि ग्रामसभेची संमती आहे का, हे पाहायची जबाबदारी केंद्रानं राज्यांवर ढकलली. तेव्हा राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगानं आक्षेप घेतला. आयोगाचा आक्षेप बाजूला ठेवला गेला. आमच्या ग्रामसभांना या नियमांचा पत्ता आमच्याकडून लागला, सरकारकडून नाही. ग्रामसभेत मी मुद्दे सांगायला लागले तसं एकानं विचारलं, हे ठरलंय का अजून ठरायचंय? ठरलंय, म्हटल्यावर तो गप्प झाला आणि बाकीच्यांनी रेशनचा विषय काढला.

लोक गप्प बसतात असं मात्र नाही. मार्च 2018 मध्ये नाशिकहून निघालेला लाँग मार्च वनहक्कांची मागणी प्रमुखपणे घेऊन चालला होता. पेठ, सुरगाणा, दिंडोरी आणि आमच्या भागातलीही माणसं त्यात होती, बायकांची संख्या मोठी. सहा दिवस चालून मुंबईच्या वेशीवर आल्यावर दहावीच्या परीक्षा आहेत, मुलांची अडचण नको म्हणून रात्रीच चालत ते आझाद मैदानावर पोचले. मुंबईकरांनी चपला दिल्या, पाणी दिलं, पोळ्या दिल्या. पायांचे फोड वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. सरकारनं लेखी आश्वासन दिलं, की सहा महिन्यांत प्रलंबित दावे निकाली काढू. त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येकाला वनहक्क हा शब्द कळला. आमच्याकडे त्यानंतर मोजण्या पुन्हा सुरू झाल्या, काही दावे मार्गी लागले, काहींचं क्षेत्र वाढलं. हे त्या चालण्यानं झालं. पण दावे निकाली काढण्याची घाई लागली की काही ठिकाणी पुन्हा छापील कागद बाहेर आले, हेही पाहिलं आहे.

18 मे 2020 ला राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालच्या अधिकारात अधिसूचना काढून जिल्हास्तरीय समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची वाट खुली केली. अनुसूचित क्षेत्रातल्या लोकांसाठी ही मोठी गोष्ट आहे. याआधी जिल्ह्यानं नाही म्हटलं की उच्च न्यायालयच उरायचं, आणि भट्टीवर उचल घेतलेल्या माणसाला उच्च न्यायालय म्हणजे काय परवडणार? भट्टीवरून फोन करणाऱ्या त्या बाईचं अपील आम्ही आधी जिल्ह्याकडे केलं. निर्णय कळवलाच नव्हता, म्हणून मुदत आम्हाला फाइल पाहायला मिळाली त्या दिवसापासून धरावी, असं लिहिलं. सुनावणीला ती स्वतः आली. दीर, पाड्यातली एक म्हातारी आणि वनहक्क समितीचा अध्यक्ष सोबत. अधिकाऱ्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय पुरावा आहे? तिनं म्हातारीकडे बोट केलं. “ही माझा लगीन झाला तवा माझ्यासंगं आवणी करत होती. इचार तिला.” म्हातारीनं सांगायला सुरुवात केली आणि ती मधे थांबेना. कुठल्या साली म्हणजे कुठल्या दुष्काळात, तेव्हा कुठलं पोर झालं, कुणाचं राब कुठे जळत होतं. कारकुनानं लिहून घेतलं. पहिल्यांदाच तिथे कुणी ते लिहून घेतलं होतं. तिच्या दाव्यातलं खाचर मान्य झालं, उतार नाही. उताराचं अपील आता विभागीय समितीपुढे आहे, आणि या वेळी नाकारताना का नाकारलं ते लिहिलेलं आहे. क्षेत्र पडीक होतं म्हणून. त्याला उत्तर देता येतं, आणि आम्ही दिलं आहे.

जिल्ह्याच्या एका बैठकीत आम्ही लेखी मागणी दिली, की महिन्याच्या अहवालात नामंजूर दाव्यांचा आकडा देताना त्यापुढे दोन रकाने वाढवा: निर्णयाचं पत्र दावेदाराला पोचल्याची तारीख आणि नाकारण्याचं कारण. समोरचे अधिकारी समजूतदार होते. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, नमुना वरून येतो, त्यात असे रकाने नाहीत. तेव्हापासून ती मागणी आम्ही वरही पाठवली आहे, राज्याच्या आदिवासी विकास विभागाकडे आणि केंद्राच्या जनजाती कार्य मंत्रालयाकडे. ग्रामसभांच्या ठरावांसकट. सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना 2019 मध्ये जे विचारलं त्याचं उत्तर याच दोन रकान्यांत आहे. पोच नसलेला एकही दावा ‘फेटाळला’ म्हणून मोजू नका, एवढंच आमचं म्हणणं. दरम्यान पाड्यापाड्यांत आम्ही वह्या घातल्या आहेत. शिकलेली मुलं-मुली त्या भरतात: दावेदाराचं नाव, जमिनीचं ठिकाण, मोजणी झाली तेव्हा तो हजर होता का, पत्र आलं का, कधी आलं, कारण काय लिहिलं. बऱ्याच पानांवर शेवटचे तीन रकाने कोरे आहेत. पुढची सुनावणी लागेल तेव्हा राज्याच्या आकड्याशेजारी या वह्या ठेवायची आमची तयारी चालू आहे.